मापो पनीरमधलं तिरफळ

शुक्रवारी रात्री सावंतवाडीला आत्याकडे मुक्काम केला आणि शनिवारी तिलाही गाडीत घालून गोवा गाठला. गोव्यात जाऊन माशाची थाळी सोडून 'पॅन एशियन' जेवायचं, हा हट्ट लेकीचा. आत्याला तो अजिबात पटलेला नव्हता. "मासे सोडून शेवयो खावक इतक्या लांब कित्याक?" हा तिचा प्रश्न बांद्यापासून चालू होता.

उत्तर गोव्यातल्या जुन्या घराच्या पडवीत टेबलं मांडलेली. वर पंखे, खाली लाल कोबा. मेनूकार्डावर सुशी, बाओ, रामेन, थाई करी, किमची फ्राइड राइस, खाऊ सुए असा निम्मा आशिया एका पानात बसवलेला, आणि शेवटच्या पानावर, थोडंसं लाजतच, ट्रिपल शेजवान राइस.

लाजायचं खरं तर काही कारण नाही. 'फ्यूजन' हा शब्द हॉटेलवाल्यांच्या तोंडी रुळण्याच्या कितीतरी आधी आपण तो प्रकार हातगाडीवर उभं राहून खात होतो. कोलकात्यात स्थायिक झालेल्या हाक्का चिनी कुटुंबांनी आपल्या जिभेला मानवेल असं चायनीज रांधलं, आणि तिथेच जन्मलेल्या नेल्सन वँग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लबात चिकन मांचुरियन केलं. आलं, लसूण, हिरवी मिरची ही आपलीच फोडणी. फक्त गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर. अमेरिकेत वुल्फगांग पक यांनी सांता मोनिकात चिनी-फ्रेंच मिलाफाचं गाजलेलं रेस्तराँ काढलं ते १९८३ साली. तोवर आपलं मांचुरियन चांगलं आठ वर्षांचं झालं होतं.

मेनूतले बाकीचे पदार्थही काही सोवळ्यातले नाहीत. रामेन जपानचं म्हणून आपण ओळखतो, पण त्या शेवया चिनी लोकांबरोबर तिथल्या बंदरांत उतरल्या. नारळाच्या दुधातली खाऊ सुए ब्रह्मदेशातून परतलेल्या भारतीय कुटुंबांनी आपल्याबरोबर आणली. पदार्थ प्रवास करतातच. प्रश्न एवढाच, की नव्या घरी त्यांना काही काम मिळतं की नुसतं शोभेला बसवलं जातं.

शोभेला बसवल्याचा नमुना आमच्याच टेबलावर आला: मापो पनीर. मूळ मापो टोफू सिचुआन प्रांतातल्या चंग्दू शहरचा. त्यात टोफू इतका मऊ असतो की चमच्यावर थरथरतो, रस्सा पोटात घेतो आणि तिखटाला थंड अस्तर लावतो. पनीर यातलं काहीच करत नाही. ते आपला चौकोनी आकार सांभाळत रश्श्यात उभं राहतं आणि दाताखाली कुरकुरतं. टोफूच्या जागी पनीर घालायची कल्पना कागदावर सुचलेली असणार, कढईपाशी नव्हे.

पण रस्सा अस्सल होता. पहिल्या घासानंतर आत्या गप्प झाली. ओठांवरून जीभ फिरवली, पुन्हा एक घास घेतला, ताटलीच्या कडेला एक तपकिरी टरफल काढून नाकाशी नेलं आणि म्हणाली, "अरे, ह्यां तर तिरफळ मा!"

पाणी ओतायला आलेला मुलगा दार्जिलिंगकडचा. तो थबकला. "शेफ सिचुआन पेपर बोलता है," तो हसत म्हणाला, "हमारे गाँव में टिमूर. चटनी में डालते हैं."

तिघंही बरोबर होते. चीनचं हुआजिआओ, नेपाळी बोलीतलं टिमूर आणि कोकणातलं तिरफळ या एकाच झँथोझायलम वंशातल्या जाती. (त्रिफळा चूर्णाशी यांचा काही संबंध नाही; पुण्यातल्या दुकानात तिरफळ मागून मी ते चूर्ण घेऊन आलेलो आहे.) नाव मिरीचं असलं तरी हे मिरीही नाही आणि मिरचीही नाही. कूळ लिंबाचं, आणि आपला कढीपत्ताही त्याच कुळातला. लिंबूवर्गीय झाडांवरचा कँकर रोग देशात शिरेल या भीतीने अमेरिकेने १९६८ पासून २००५ पर्यंत सिचुआन पेपरची आयात रोखून धरली होती.

जिभेला मुंग्या आणतो तो त्यातला सॅनशूल नावाचा घटक. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी २०१३ साली लोकांच्या ओठांना सिचुआन पेपरची पूड लावली आणि ती झिणझिण बोटाला दिलेल्या यांत्रिक कंपनांशी ताडून पाहायला सांगितली. जुळणी झाली ती सेकंदाला सुमारे ५० कंपनांशी. म्हणजे तिरफळाला खरं तर चव कमी आणि स्पर्श जास्त. चिनी लोक या बधिरपणाला 'मा' म्हणतात, तिखटाला 'ला', आणि दोन्ही मिळून 'माला'. मिरची चीनमध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोचली. 'मा' त्याच्या फार आधीपासून तिथं होतं.

गंमत अशी, की लेकीने मागवलेल्या ट्रिपल शेजवानमध्ये याचा एक दाणाही नव्हता. शेजवान म्हणजे सिचुआनच. इंग्रजीतल्या जुन्या स्पेलिंगचा आपण केलेला उच्चार. पण आपला शेजवान सॉस म्हणजे सुकी लाल मिरची, भरपूर लसूण आणि व्हिनेगर. सिचुआनचं नाव मिरवणाऱ्या सॉसमधून सिचुआनची खूणच गळालेली, आणि तिची चुलत बहीण मात्र मालवणी घरात बांगड्याच्या तिखल्यात पिढ्यान्‌पिढ्या पडते आहे. बांगडा, तारली असल्या तेलकट माशांचा उग्रपणा तिरफळ आवरतं, म्हणून. हॉटेलच्या स्वयंपाकघराला हा सांधा दिसला असता तर त्यांनी पनीर बाजूला ठेवून मापोच्या रश्श्यात बांगडा सोडला असता. असा पदार्थ मिळाला तर मी पुन्हा तेवढं अंतर गाडी हाकीन.

आत्याची तक्रार वेगळीच होती. रश्श्यात कचकच लागत होती. तिरफळ सुकलं की आपोआप उकलतं आणि आतलं काळं, टणक बी दिसतं. ते टाकून द्यायचं, कामाचं ते टरफल. इथं बियांसकट पूड केलेली. आत्याने त्या मुलाला ताटलीतलं एक टरफल नखाने फाकवून दाखवलं. तो ते तळहातावर घेऊन आत गेला. थोड्या वेळाने शेफ स्वतः बाहेर आला आणि आत्यापाशी खुर्ची ओढून बसला. मग आमची कॉफी अर्धा तास आलीच नाही.

परतताना सावंतवाडीत आत्याने वर्तमानपत्राच्या पुडीत मूठभर तिरफळं बांधून दिली. गाडी सुरू होताच लेकीने एक तोंडात टाकलं. माडखोल मागे पडेपर्यंत तिला धड 'श' म्हणता येत नव्हता.