दिवेलागणीचा दिवा दीड तास उशिरा का लागतो?

फोंडा तालुक्यातील एक जुने चिरेबंदी घर डोळ्यांपुढे आणावे. घरात आई-वडील दोघेच, मुलगा दुबईत. गेल्या सुट्टीत त्याने बाल्कांवात, पायऱ्यांवर आणि तुळशीवृंदावनापाशी ‘स्मार्ट’ दिवे बसवले. संध्याकाळी साडेसहाला ते आपोआप लागतील, अशी व्यवस्था मोबाईलवर करून दिली. तो घरी होता तोवर दिवे वेळेवर लागत. तो परत गेला आणि दिवे रोज रात्री आठला लागू लागले. मधल्या दीड तासात शेवाळलेल्या पायऱ्यांवर काळोख. वडिलांनी बल्ब बदलून पाहिला, राउटर बंद करून पुन्हा चालू केला. फरक पडला नाही.

उदाहरण कल्पित आहे, दोष मात्र नेहमीचा आहे, आणि त्याचे उत्तर त्या दीड तासातच दडलेले आहे. दुबईचे घड्याळ भारताच्या दीड तास मागे चालते. तिथे पोहोचल्यावर मुलाने वेळापत्रकात किरकोळ बदल करून ते पुन्हा जतन केले; ॲपने ते फोनच्या, म्हणजे दुबईच्या वेळेशी बांधले. तिथले साडेसहा म्हणजे इथले आठ. ॲपमध्ये घराचे ठिकाण आणि कालविभाग दुरुस्त केला, वेळापत्रक पुसून नव्याने केले, की काम झाले. बल्ब, राउटर, वीज यांपैकी कशाचाही यात दोष नव्हता.

स्वयंचलित दिव्यांच्या तक्रारींत असेच घडते. दिवा लागत नाही म्हणून संशय दिव्यावर जातो. पण दिवा ही साखळीची शेवटची कडी असते. स्पीकरला तोंडी दिलेली आज्ञा आधी इंटरनेटवरून आवाज ओळखणाऱ्या सेवेकडे जाते, तिथून बल्बच्या कंपनीच्या सर्व्हरकडे, तिथून घरच्या राउटरकडे आणि मग बल्बकडे. दहा फुटांवरचा दिवा लावण्यासाठी आज्ञा बहुधा गोव्याबाहेरचा फेरा करून येते. म्हणून शोध दिव्याकडून उलटा घ्यावा. भिंतीवरच्या बटणाने दिवा लागतो का? लागत असेल, तर कंपनीच्या ॲपमधून लागतो का? तोही लागला, तर आवाजाने? आणि शेवटी वेळापत्रकाने? ज्या पायरीवर उत्तर ‘नाही’ येते, तिथेच थांबावे. अनेक जण याउलट पहिल्याच झटक्यात सगळे ‘रीसेट’ करतात; त्यात जोडण्या पुसल्या जातात आणि मूळ दोषाचा मागही नाहीसा होतो.

पहिल्याच पायरीवर अडलेली प्रकरणे सर्वाधिक असावीत. कारण अगदी घरगुती असते: जाता-येता कोणीतरी भिंतीवरचे बटण बंद करते. विजेची बचत हा आपल्याकडचा संस्कारच आहे. पण स्मार्ट बल्बची वीज तोडली, की तो आज्ञा ऐकूच शकत नाही. ‘झिग्बी’ पद्धतीच्या दिव्यांत तर याचा उपद्रव दूरवर पोहोचतो. हे बल्ब एकमेकांचे संदेश पुढे पोहोचवतात. माडीवरचा बल्ब बटणाने बंद केला, तर त्याच्यामार्फत बोलणारा फाटकाजवळचा संवेदकही काही काळ मुका होऊ शकतो. त्यामुळे वडीलधाऱ्यांच्या घरात स्मार्ट बल्बपेक्षा बटणामागे बसणारे स्मार्ट स्विच बरे. बटणाची सवय मोडावी लागत नाही.

दुसरी अडचण भिंतींची. बहुतेक स्मार्ट बल्ब वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरच चालतात, तर नवे राउटर त्याच नावाने ५ गिगाहर्ट्झचा पट्टाही पुरवतात. जोडणी करताना फोन दुसऱ्या पट्ट्यावर असेल, तर काही बल्ब सापडतच नाहीत. अशा वेळी दोन पट्ट्यांना वेगवेगळी नावे द्यावीत. २.४ चा संदेश भिंतीपलीकडे तुलनेने बरा पोहोचतो. तरी दीड-दोन फूट जाडीच्या चिऱ्याच्या भिंती ओलांडताना तोही दमतो. मधल्या खोलीत राउटर ठेवल्यास अंगणातले दिवे पुष्कळदा ताळ्यावर येतात.

खरी गंमत असते ती स्वयंचलनाच्या नियमांत. नियमाचे तीन भाग असतात: निमित्त, अट आणि कृती. निमित्त म्हणजे एखादी घटना. ती क्षणात घडून जाते. अट म्हणजे त्या क्षणी तपासायची स्थिती. ‘हालचाल दिसली, आणि सूर्यास्त झालेला असेल, तर दिवा लाव’ हा नियम निर्दोष वाटतो. पण सूर्यास्ताआधीच कोणी बाल्कांवात येऊन बसले आणि संवेदकाने सतत हालचाल नोंदवली, तर हालचाल ‘सुरू होण्याची’ घटना उजेडातच घडून गेलेली असते. त्या वेळी अट पुरी झाली नव्हती. नंतर अंधार पडतो, पण नवे निमित्त येत नाही. माणसे काळोखात बसून राहतात. उपाय म्हणजे सूर्यास्त हेही दुसरे निमित्त म्हणून जोडणे, आणि त्या वेळी हालचाल चालू आहे का, ही अट ठेवणे.

‘होम असिस्टंट’ या मुक्त प्रणालीत आणखी एक खोच आहे. तिथे ‘सूर्यास्तानंतर’ ही एकटीच अट घातली, तर ती मध्यरात्रीपर्यंतच खरी ठरते; बारा वाजता नवा दिवस सुरू होतो आणि त्या दिवसाचा सूर्यास्त अजून व्हायचा असतो. पहाटे दोनला न्हाणीघराकडे निघालेल्या आजींसाठी दिवा लागत नाही तो यामुळे. ‘सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयापूर्वी’ असे लिहावे लागते. याच प्रणालीत प्रत्येक नियमाचा ‘ट्रेस’ पाहता येतो: निमित्त कधी आले, कोणती अट फसली, कृती झाली की नाही. इतर ॲपमध्येही इतिहासाची नोंद बहुधा असते. तर्क लढवण्यापूर्वी ती उघडावी.

ठरावीक वेळेपेक्षा सूर्यास्ताचा नियम चांगला. पणजीत नोव्हेंबरअखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जुलैच्या आरंभी सात वाजून गेल्यावर. मात्र प्रणाली सूर्यास्त गणिताने काढते, तिला ढग दिसत नाहीत. पावसाळ्यात दिवेलागण अर्धा तास अलीकडे ओढलेली बरी.

आवाजी आज्ञांचा घोळ बहुतेक नावांचा असतो. हे स्पीकर आपल्याकडे मुख्यतः इंग्रजी आणि हिंदी ऐकायला शिकलेले. ‘बाल्कांव’चे ‘बाल्कनी’ होणे सहज शक्य. ॲपच्या इतिहासात स्पीकरला काय ऐकू आले ते शब्दांत दिसते. खोली आणि दिवा यांना एकच नाव देऊ नये.

राहिला पावसाळा. माडाचे झावळ तारांवर पडले आणि सहा ते सात वीज गेली, तर साडेसहाची आज्ञा हुकते. वीज आल्यावर ती सहसा आपणहून पुन्हा दिली जात नाही. उलट रात्री तीनला वीज आली, की पुष्कळ स्मार्ट बल्ब पूर्ण तेजाने लागतात, कारण कारखान्यातून ते तसेच जुळवलेले असतात. सेटिंगमध्ये ‘वीज परतल्यावर पूर्वीची स्थिती’ हा पर्याय असल्यास तो निवडावा. प्रणाली पुन्हा सुरू होणे हेही निमित्त धरून ‘अंधार असेल तर पायऱ्यांचा दिवा लाव’ असा नियम करता येतो. राउटरसाठी छोटा यूपीएस असला, तर वीज येताच घर लगेच आज्ञा घेऊ लागते.

बंद केलेला एलईडी मंद तेवत किंवा लुकलुकत राहिला, तर त्याला सॉफ्टवेअरचे औषध नाही. न्यूट्रल तारेविना चालणारे स्मार्ट स्विच दिव्यातूनच थोडा प्रवाह ओढून घेतात. त्या प्रवाहावर एलईडी तेवतो. दिव्याला समांतर बायपास बसवणे किंवा न्यूट्रल तार ओढून घेणे, हे परवानाधारक वायरमनचे काम. तो येईपर्यंत बोर्ड उघडून पाहू नये, आणि ओल धरलेल्या भिंतीवरचा तर नाहीच.