टायरमधले पाणी गोठते तेव्हा

नांगरटीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या टायरमध्ये पाणी भरलेले असते, हे खेड्यातल्या विद्यार्थ्यांना सांगावे लागत नाही. शहरातल्या विद्यार्थ्यांना मात्र ते ऐकून हसू येते. टायरमध्ये हवा असते, पाणी कशाला? कारण साधे आहे. नांगर जमिनीत रुतला की ओढण्यासाठी चाकाला जमिनीची पकड हवी. ही पकड घर्षणातून मिळते आणि घर्षण चाकावरच्या भाराबरोबर वाढते. भार कमी पडला की चाक जागच्या जागी गरगरते, डिझेल जळते, टायर झिजतो आणि ट्रॅक्टर फारसा पुढे सरकत नाही. म्हणून चाकाचा व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणून त्याच्या पातळीपर्यंत पाणी भरतात. असे केले की टायरचा सुमारे तीनचतुर्थांश भाग पाण्याने भरतो. उरलेल्या भागात हवा ठेवतात, कारण दाबली जाऊ शकणारी तीच. सगळा टायर पाण्याने भरला तर तो दगडासारखा ताठ होईल.

आपल्याकडे गोष्ट इथेच संपते. पाणी फुकट मिळते आणि ते गोठण्याची भीती नसते. पण हाच ट्रॅक्टर अमेरिकेच्या उत्तर टोकाला, मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा या राज्यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या रेड नदीच्या खोऱ्यात उभा आहे अशी कल्पना करू. जानेवारीतल्या रात्री तापमान उणे २० अंश सेल्सियसपर्यंत उतरणे तिथे नेहमीचे, आणि उणे ३० सुद्धा नवलाचे नाही. त्या दिवसांत शेत बर्फाखाली असते, नांगरट नसते. मग पाणी काढून टाकावे की नाही? पण ट्रॅक्टरला हिवाळ्यातही सुट्टी नसते. रस्त्यावरचा बर्फ लोटायचा असतो, गुरांना वाळलेल्या गवताचे भारे पोचवायचे असतात. पुढच्या बाजूला भारा उचलला की मागची चाके हलकी होतात, आणि तेव्हाच मागे वजन हवे असते.

टायरमध्ये साधे पाणी राहिले तर काय होईल? विद्यार्थ्यांना विचारले तर बहुतेक जण ‘टायर फुटेल’ असे सांगतील, कारण पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते हे त्यांनी वाचलेले असते. हिशेब करून पाहू. टायरमध्ये ४०० लिटर पाणी आणि १३३ लिटर हवा आहे. हवेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा १ वातावरणाने जास्त, म्हणजे एकूण २ वातावरण आहे. पाण्याचा बर्फ झाला की तो ४३६ लिटर जागा व्यापेल आणि हवेला ९७ लिटर उरतील. बॉइलच्या नियमाने हवेचा दाब साधारण २.७ वातावरण होईल. थंडीने हवाही आकसते, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमीच. एवढ्याने टायर फुटेलच असे नाही. हवेसाठी राखलेल्या जागेनेच तो वाचतो.

खरे नुकसान वेगळेच आहे. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या टायरमध्ये पाणी खालच्या भागात गोठते. सकाळी त्या चाकात चारशे किलोचा एकसंध गोळा असतो. चाक फिरू लागले की तो गोळाही फिरतो आणि ट्रॅक्टर धडधडत, उसळत चालतो. टायरला जमिनीच्या उंचसखलपणाबरोबर लवता येत नाही. ट्यूब आणि व्हॉल्व्हचा जोड यांवर ताण येऊन ते फाटण्याची भीती असते. म्हणजे थंड प्रदेशातल्या शेतकऱ्याला जड असलेला पण न गोठणारा द्रव हवा. या दोन अटी एकत्र पाळणे दिसते तितके सोपे नाही.

पाण्यात काहीही विरघळवले की त्याचा गोठणबिंदू खाली येतो. फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ राउल्ट यांनी १८८० नंतरच्या दशकात याचा पद्धतशीर अभ्यास केला. विरळ द्रावणात गोठणबिंदू किती उतरेल हे विरघळलेल्या कणांच्या संख्येवर ठरते, कण कशाचे आहेत यावर नव्हे. १ किलो पाण्यात १ मोल कण असतील तर गोठणबिंदू १.८६ अंशांनी उतरतो. साखरेचा १ मोल म्हणजे ३४२ ग्रॅम. एवढी साखर घालून दोन अंशसुद्धा पदरात पडत नाहीत! मिठाच्या एका मोलचे वजन ५८.५ ग्रॅम, आणि विरघळताना त्याचे सोडियम व क्लोराइड असे दोन आयन होतात, म्हणजे परिणाम जवळजवळ दुप्पट. आयनांमुळे होणाऱ्या या वाढीचे गणित व्हांट हॉफ यांनी मांडले. १९०१ साली रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांनाच मिळाले.

मग मीठच का नको? स्वस्त आहे, कुठेही मिळते. अडचण अशी की मिठाच्या द्रावणाला तळ आहे. सुमारे २३ टक्के मीठ असलेले द्रावण उणे २१ अंशांना गोठते. त्याहून जास्त मीठ घातले तरी गोठणबिंदू आणखी खाली जात नाही. रेड नदीच्या खोऱ्यातली एखादी कडक रात्र ही मर्यादा सहज ओलांडते.

इथे कॅल्शियम क्लोराइड पुढे येते. त्याचा एक रेणू विरघळला की तीन आयन मिळतात. शिवाय ते पाण्यात भरपूर विरघळते. २५ टक्क्यांचे द्रावण उणे २९ अंशांच्या आसपास गोठू लागते. वरच्या नियमाने हिशेब केला तर मात्र उत्तर उणे १७ च्या जवळपास येते. नियम चुकला का? नाही, तो विरळ द्रावणांपुरता आहे. दाट द्रावणात कॅल्शियमचे आयन बरेच पाणी स्वतःभोवती धरून ठेवतात, मोकळे पाणी कमी उरते, आणि द्रावण जणू आणखी दाट असल्यासारखे वागते. ३० टक्क्यांच्या सुमारास हे द्रावण उणे ५० च्या जवळ टिकते. पण ‘अधिक ते चांगले’ म्हणून ४० टक्के केले तर उलटेच घडते. त्यातून कॅल्शियम क्लोराइडचेच स्फटिक बाहेर पडू लागतात, आणि तेही शून्याच्या वर, १२–१३ अंशांनाच! नाशिकच्या थंडीतही हे द्रावण स्वच्छ राहणार नाही.

वजनाचे काय? ३० टक्के द्रावणाची घनता सुमारे १.२८. म्हणजे ४०० लिटर जागेत ४०० ऐवजी ५१२ किलो वजन बसते. त्याच टायरमध्ये, प्रत्येक चाकामागे शंभर किलोंहून अधिक जादा भार. गोठण्यावरचा उपाय करताना वजनही वाढले. म्हणूनच उत्तर अमेरिकेत कित्येक दशके टायरमध्ये भरायचा द्रव म्हणजे कॅल्शियम क्लोराइड, असेच समीकरण होते.

त्याची किंमत पोलादी रिमला मोजावी लागते. द्रावण ट्यूबच्या आत असेपर्यंत काही बिघडत नाही. पण व्हॉल्व्हजवळ बारीक गळती झाली की ते ट्यूब आणि रिम यांच्यामध्ये उतरते. क्लोराइड आयन लोखंडाचा गंज वेगाने वाढवतात. त्यातच कॅल्शियम क्लोराइड हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे ती जागा कधी कोरडी होतच नाही. व्हॉल्व्हभोवती पांढरट पापुद्रा दिसला तर तो धोक्याचा इशारा समजावा. बाहेरून रंग शाबूत असताना आतून रिम सडलेली असू शकते. हे द्रावण जमिनीवर सांडले तर तिथे काही काळ काही उगवत नाही, हे वेगळेच.

गंज नको म्हणून मग दुसरे द्रव आले. मेथॅनॉलचे रेणू लहान, म्हणून थोड्या वजनात कण पुष्कळ. ४० टक्के द्रावण उणे ३८ अंशांपर्यंत टिकते. पण मेथॅनॉल पाण्यापेक्षा हलके. आपल्या ४०० लिटरचे वजन ३७५ किलोच भरते. म्हणजे ज्यासाठी द्रव भरला तो हेतूच थोडा मागे पडला. शिवाय ते विषारी आणि ज्वालाग्राही आहे. अशा टायरच्या रिमला वेल्डिंग करायला जाणे जिवावर बेतू शकते. इथिलीन ग्लायकॉल, म्हणजे मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते, पाण्यापेक्षा किंचित जड आहे आणि निम्मे-निम्मे मिसळले तर उणे ३५ पार करते. पण ते चवीला गोड असते, आणि गळलेले थारोळे कुत्रे चाटते. शरीरात त्याचे ऑक्झॅलिक आम्ल बनते, त्याचे कॅल्शियमबरोबर स्फटिक होऊन मूत्रपिंडे निकामी होतात. गोठ्याशेजारी उभ्या राहणाऱ्या यंत्रात हा द्रव आम्ही तरी भरणार नाही. त्याचे भावंड प्रॉपिलीन ग्लायकॉल बरेच निरुपद्रवी आहे, पण महाग आणि वजनाला जेमतेम पाण्याइतके.

अलीकडे वापरात आलेला एक पर्याय आपल्याला जवळचा वाटेल. रेड नदीचे खोरे हा साखरबिटाचा मोठा प्रदेश आहे. आपल्याकडे उसापासून साखर करताना मळी उरते, तशी तिथे बिटाची मळी उरते. तिच्यातली उरलीसुरली साखरही काढून घेतली की क्षार आणि लहान सेंद्रिय रेणूंनी भरलेला दाट काळपट द्रव राहतो. तो कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणाइतकाच जड असतो, उणे ३५ अंशांपर्यंत गोठून घट्ट होत नाही, रिमला गंजवत नाही आणि गुरांना विषारी नाही. महाग मात्र आहे. एकट्या साखरेने गोठणबिंदू फारसा उतरत नाही हे आपण वर पाहिलेच. इथे काम करतात ते साखर काढल्यावर उरलेले लहान कण.

ट्यूब धड असलेल्या जुन्या ट्रॅक्टरला, व्हॉल्व्हवर लक्ष ठेवायची तयारी असेल तर, कॅल्शियम क्लोराइड आजही वाईट नाही. नव्या, ट्यूब नसलेल्या चाकांना मात्र बिटाचा द्रव किंवा सरळ ओतीव लोखंडाची वजने बरी. लोखंड गोठायचा प्रश्नच येत नाही.

वर्गात करण्यासारखा प्रयोग: बारीक केलेल्या बर्फात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतके मीठ कालवा, पॉट आइस्क्रीमसाठी करतात तसे. तीन परीक्षानळ्यांत अनुक्रमे साधे पाणी, १०० ग्रॅम पाण्यात १० ग्रॅम साखर आणि १०० ग्रॅम पाण्यात १० ग्रॅम मीठ अशी द्रावणे थोडी थोडी घेऊन त्या मिश्रणात ठेवा. प्रत्येक नळी हलकेच ढवळत, बर्फाचे पहिले कण कोणत्या तापमानाला दिसतात ते नोंदवा. साखरेच्या नळीत शून्याखाली अर्ध्या अंशाच्या आसपास आणि मिठाच्या नळीत उणे सहाच्या जवळ ते दिसायला हवेत. मग विद्यार्थ्यांना विचारा: वजन दोन्हींत सारखेच घातले होते, तर फरक दहापटीहून अधिक कसा?