रापणीचा वाटा, पर्यटनाची मजुरी

मालवण तालुक्यातील देवबाग हे गाव कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेले असून, काही ठिकाणी एका घराच्या पुढच्या दारी समुद्र आणि मागच्या दारी खाडी अशी तिथली रचना आहे. मासेमारी, माड आणि मुंबईहून येणारी मनिऑर्डर या तीन आधारांवर उभ्या असलेल्या या गावात गेल्या काही दशकांत पर्यटनाने चौथा आणि आता सर्वांत ठळक आधार निर्माण केला. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये रत्नागिरीपासून वेगळा झाला, १९९७ मध्ये तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि २०२१ मध्ये चिपी येथील विमानतळ सुरू झाला. गावात पैसा आला, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तो कोणत्या वाटेने आला आणि कोणाच्या दारी थांबला, हा प्रश्न मात्र देवबागपुरता मर्यादित नाही. भारत, ब्राझील, चीन, दक्षिण आफ्रिका अशा मोठ्या विकसनशील देशांपुढचा तो मुख्य आर्थिक प्रश्न आहे.

अर्थशास्त्रात या प्रश्नाची दोन जुनी उत्तरे प्रसिद्ध आहेत. कॅरिबियन बेटावर जन्मलेल्या आर्थर लुईस यांनी १९५४ मध्ये असे मांडले की, शेतीसारख्या पारंपरिक क्षेत्रात गरजेपेक्षा जास्त माणसे अडकलेली असतात, ती कारखान्यांकडे वळत राहतात, आणि हा जादा श्रम संपेपर्यंत मजुरी फारशी वाढत नाही. तो संपला की मजुरांना मोल येते. पुढच्याच वर्षी सायमन कुझ्नेट्स यांनी अशी शक्यता मांडली की वाढीच्या पहिल्या टप्प्यात विषमता वाढते आणि नंतर ती ओसरते. दोन्ही मांडण्यांत एक गृहीत दडलेले आहे, ते म्हणजे पारंपरिक क्षेत्रातून निघालेल्या माणसाला पुढे नियमित नोकरी मिळते.

कोकणाने हे गृहीत एकदा खरे होताना पाहिले आणि एकदा मोडताना. मुंबईच्या कापडगिरण्यांमध्ये जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातील माणसे पिढ्यानपिढ्या गेली. तिथली नोकरी कष्टाची होती. पण कायम कामगाराला तिच्यात भविष्यनिर्वाह निधी, उपदान आणि संघटनेचे बळ होते, आणि गावाकडे राहिलेले कुटुंब त्या पगाराच्या आधाराने पावसाळा काढू शकत असे. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यानंतर ती वाट आकसत गेली. १९९१ नंतर देशाची वाढ वेगाने झाली, परंतु गिरणीची जागा घेईल असे नियमित काम कमी शिकलेल्या माणसाला त्या प्रमाणात मिळाले नाही. कंत्राटी, हंगामी आणि तोंडी कराराचे काम मिळाले. अर्जुन सेनगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक कामगारांना सामाजिक सुरक्षेचे कवच नसल्याचे २००७ मध्ये दाखवून दिले, तेव्हा उच्च वाढीचा काळ चालू होता, ही गोष्ट विसरता येत नाही.

देवबागच्या किनाऱ्यावर उत्पन्न वाटण्याची एक जुनी पद्धत आहे, तिच्याशी नव्या व्यवस्थेची तुलना उद्बोधक ठरते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढले जाणारे मोठे जाळे. होडीतून ते अर्धवर्तुळात समुद्रात सोडतात आणि त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावरची माणसे दोन्ही बाजूंनी ओढत आणतात. या कामाला पुष्कळ हात लागतात. मिळालेल्या मासळीच्या पैशाचे वाटे पडतात, जाळ्याचा, होडीचा आणि ओढणाऱ्या माणसांचा. मासळी चांगली मिळाली तर सर्वांना आणि नाही मिळाली तर कोणालाच नाही, असा हा हिशेब असतो. या पद्धतीला आदर्श ठरवण्याची गरज नाही, कारण जाळ्याचा मालक आणि दोर ओढणारा यांच्यात तिथेही अंतर होते आणि मासळी विकणाऱ्या, सुकवणाऱ्या स्त्रियांच्या श्रमाला त्यात स्वतंत्र वाटा नव्हता. तरीही उत्पन्न वाढले की श्रम करणाऱ्याचा वाटा आपोआप वाढतो, हा तिचा गुण मोठा आहे.

यांत्रिक नौकांनी हे नाते बदलले. ट्रॉलर समुद्राचा तळ खरवडत जाळे ओढतो, तर पर्ससीन म्हणजे माशांच्या थव्याला घेरून तळाकडून पिशवीसारखे आवळले जाणारे जाळे; दोन्हींना भांडवल मोठे लागते आणि एकेका फेरीत मिळणारी मासळीही मोठी असते. कोकण किनाऱ्यावरील अशा नौकांवर नेपाळहून आलेले खलाशी मोठ्या संख्येने काम करतात, ज्यांची मासळीतील भागीदारी नाममात्र आणि बोलणी करण्याची ताकद त्याहून कमी असते. पारंपरिक मच्छीमारांच्या दीर्घ संघर्षानंतर राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घालून तिचा काळ सप्टेंबर ते डिसेंबरपुरता ठेवला, आणि पुढच्या वर्षी केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीला मनाई केली. अंमलबजावणीवरून वाद आजही चालू आहेत. रापणकराच्या दृष्टीने ही मजुरीची लढाई आहे: खोल पाण्यात थवे उचलले गेले तर किनाऱ्यावरच्या दोराला मोल उरत नाही.

पर्यटनाने अनेक रापणकरांना दुसरा मार्ग दिला, आणि त्या मार्गाचे दार जमिनीत आहे. राज्याच्या निवास-न्याहरी योजनेत सहभागी व्हायचे तर स्वतःचे घर आणि पर्यटकांना देता येतील अशा खोल्या हव्यात. कर्ज हवे तर तारण हवे. नौकाविहाराला होडी आणि परवाना हवा. किनाऱ्यालगत ज्याची जागा आहे त्याला जागेच्या वाढत्या किमतीचा लाभही मिळतो, ज्यासाठी त्याला काहीच करावे लागत नाही. आतल्या बाजूच्या भाडेकऱ्याला, खोल्या झाडणाऱ्या बाईला किंवा होडीवरच्या पोराला मिळतो तो रोज, आणि पर्यटक दुप्पट झाले म्हणून रोज दुप्पट होत नाही. वाढीचा लाभ मालकीच्या मार्गाने वर जातो आणि श्रमाच्या मार्गाने थेंबाथेंबाने खाली येतो, हे विषमतेचे खरे यंत्र आहे. तारकर्ली येथील स्कूबा डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेने हे यंत्र थोडे वाकवले, कारण समुद्र ओळखणाऱ्या स्थानिक तरुणाला प्रमाणपत्र मिळाले तर जमीन नसतानाही त्याच्या कौशल्याला किंमत येते. अशी दारे आणखी हवीत.

स्त्रियांचे काम हा याच प्रश्नाचा सर्वांत झाकलेला भाग आहे. काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या व्यक्तींचे प्रमाण, म्हणजे श्रमबल सहभाग दर, पंधरा वर्षांवरील स्त्रियांच्या बाबतीत २०१७-१८ मधील २३.३ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला, असे सरकारी सर्वेक्षण सांगते. या वाढीचा मोठा भाग स्वयंरोजगारात आणि घरच्या व्यवसायातील विनावेतन मदतीत आहे. देवबागसारख्या गावात पर्यटक ज्या मालवणी जेवणासाठी येतो, ते रांधणारी स्त्री आकडेवारीत कामगार ठरते, पण मोबदला बहुधा घराच्या नावावर जमा होतो.

वाढ आणि विषमता यांचे नाते अटळ नाही, हे ब्राझीलने दाखवले. तिथे या शतकाच्या पहिल्या दशकात किमान वेतन सातत्याने वाढवले गेले, नोंदणीकृत नोकऱ्या वाढल्या, २००३ पासून बोल्सा फामिलिया योजनेतून गरीब कुटुंबांना रोख मदत मिळाली आणि उत्पन्नातील विषमता घटली. चीनने कारखान्यांत कोट्यवधी रोजगार निर्माण केले. पण हुकोऊ या कुटुंबनोंदणी पद्धतीमुळे शहरात आलेला ग्रामीण मजूर तिथल्या शाळा-दवाखान्यांच्या पूर्ण हक्कापासून दूर राहिला. दक्षिण आफ्रिकेत तर बेकारीच तीस टक्क्यांहून अधिक आहे.

महाराष्ट्राने याबाबतीत देशाला वाट दाखवली होती. वि. स. पागे यांच्या पुढाकारातून १९७० च्या दशकात उभी राहिलेली रोजगार हमी योजना २००५ च्या राष्ट्रीय कायद्याची पूर्वसुरी ठरली. मात्र तिची घडण दुष्काळाच्या अनुभवातून झाली: कोरड्या महिन्यांत मातीकाम काढायचे आणि मजुरी द्यायची. देवबागची बेकारी भर पावसातली आहे. जून-जुलैमध्ये मासेमारीबंदी असते, मेअखेरीपासून ऑगस्टपर्यंत जलक्रीडा बंद असतात, म्हणजे ज्या पर्यटनाने मासेमारीतील अनिश्चितता भरून काढावी, तेही त्याच महिन्यांत थांबते, आणि तेव्हा मातीकाम काढणे शक्य नसते. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत बंदीकाळासाठी पात्र मच्छीमाराच्या १५०० रुपयांच्या बचतीत सरकार ३००० रुपये घालते, म्हणजे तीन महिने दरमहा १५०० रुपये होतात. या रकमेत घर चालत नाही. जलक्रीडेच्या होडीवरचा हंगामी कामगार आणि खोल्या झाडणारी बाई या मदतीच्या कक्षेतही येत नाहीत. पर्यटन जिल्ह्याचा दर्जा असलेल्या सिंधुदुर्गात या दोघांची कामगार म्हणून नोंद करणे आणि त्या तीन महिन्यांसाठी मालक, पर्यटक व सरकार यांच्या अंशदानातून निधी उभारणे, हे मोठ्या प्रकल्पांइतकेच तातडीचे काम आहे, आणि हमाल-माथाडींसाठी १९६९ मध्ये असाच कायदा करून मालकांच्या अंशदानावर मंडळे उभारणाऱ्या राज्याला ते अनोळखीही नाही.