हेलिकॉप्टर शिकायचंय, पण जमीन विकून नको



गेल्या हंगामाचे पहिले बिल जमा झाले त्या आठवड्यात आपले एक सभासद मुलाला घेऊन आमच्याकडे आले. पोरगा बारावीत, गणितात हुशार. म्हणाले, "दादा, ह्याला हेलिकॉप्टर चालवायला शिकायचंय. दोन एकर बागायत काढावी म्हणतो. काढू का?" खोडव्याचे किंवा ठिबकचे विचारले असते तर उत्तर तोंडावर होते. इथे आम्ही गप्प बसलो. मग चौकशी केली. ती सर्वांच्या उपयोगी पडेल म्हणून इथे देत आहोत.

आपल्याला हेलिकॉप्टर ठाऊक ते निवडणुकीतले. मैदानात चुन्याचा गोल, धुरळा आणि मागे धावणारी पोरे. त्याचे रोजचे कष्टाचे काम पाहायचे तर न्हावा शेवाकडे बघावे. तिथले बंदर १९८९ साली सुरू झाले. त्याच भागात जासई येथे जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी लढताना शेतकऱ्यांनी प्राण दिले, म्हणून ते नाव आपल्याला परके नाही. तिथे न्हाव्याला ओएनजीसीचा माल पुरवणारा तळ आहे. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत, मुंबई हाय येथे १९७४ साली तेल लागले. तिथल्या फलाटांना लागणारे पाइप, सिमेंट, डिझेल बोटीने जाते. माणसे मात्र जुहूहून हेलिकॉप्टरने जातात. मुख्यतः ह्याच कामासाठी १९८५ साली पवनहंस ही सरकारी कंपनी निघाली.

हे यंत्र चालवणे म्हणजे दोन्ही हात, दोन्ही पाय एकदम कामाला लावणे. डाव्या हाताच्या दांड्याने वर-खाली, उजव्या हाताच्या दांड्याने पुढे-मागे आणि बाजूला, आणि पायांनी शेपटीचा पंखा सांभाळायचा. शेपटीचा पंखा नसेल तर वरचा पंखा एकीकडे फिरतो आणि खालची पेटी उलटीकडे गरगरते. इंजिन बंद पडले तर खालून येणाऱ्या वाऱ्यावर पंखा भिंगरीसारखा फिरत ठेवून उतरायचे असते. हेही शिकताना पुन्हा पुन्हा करून घेतात.

धोका लपवून चालणार नाही. २८ जून २०२२ रोजी मुंबई हायच्या फलाटाजवळ हेलिकॉप्टर समुद्रात उतरले. नऊ जणांपैकी चौघे गेले, पाच जण वाचले. म्हणून समुद्रावर जाणाऱ्यांना पाण्यातून सुटण्याचे शिक्षण देतात. खोटी केबिन तलावात बुडवून उलटी करतात. एका हाताने खिडकीची कड घट्ट धरायची, केबिन हलायची थांबेपर्यंत कळ काढायची, मग पट्टा सोडून बाहेर पडायचे. घाई करणाऱ्याला दिशा कळत नाही. असे शिक्षण देणारे ओएनजीसीचे केंद्र फेब्रुवारी २०२४ मध्ये गोव्यात सुरू झाले.

आता पैशाचे. खाजगी मार्गाने व्यावसायिक परवान्यासाठी १५० तासांचे उड्डाण लागते, शिवाय हवामान, दिशाज्ञान, हवाई नियम यांच्या लेखी परीक्षा. हेलिकॉप्टरचा एकेक तास विमानाच्या तासापेक्षा महाग पडतो. दोन एकर गेले तरी पुरतील असे नाही. आणि परवाना हाती आला म्हणजे नोकरी आली असे मुळीच नाही. आपल्या देशात ही हेलिकॉप्टरे चालवणारे बहुतेक लोक सैन्यातून आलेले असतात, कारण कंपन्यांना तासांचा अनुभव हवा असतो. नवा पोरगा परवाना खिशात घालून वर्षानुवर्षे वाट पाहत बसू शकतो आणि बाप विकलेल्या रानाच्या बांधावरून चालत राहतो.

दुसरा रस्ता लांबचा आहे, पण जमीन शाबूत ठेवणारा. लष्कराची हेलिकॉप्टर शाळा आपल्याच नाशिकला आहे. मे २०२२ मध्ये तिथेच कॅप्टन अभिलाषा बराक ह्या लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ हवाई अधिकारी झाल्या. तेव्हा मुलींनीही मनात आणावे. त्यासाठी आधी सैन्यात अधिकारी व्हावे लागते. त्याची एक वाट खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून जाते आणि तिथल्या शिक्षणाचा खर्च सरकार करते. प्रवेशाच्या तयारीसाठी राज्य सरकारची संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे. मुलींसाठी नाशिकला २०२३ मध्ये निघाली. तिथे दहावीनंतरच जावे लागते, म्हणून नववी-दहावीच्या पालकांनी आताच चौकशी करावी.

आमचे सांगणे एवढेच. कोणत्याही संस्थेला आगाऊ रक्कम देण्याआधी मुलाची वैद्यकीय तपासणी करून घ्या. डोळे, कान, हृदय यांत दोष निघाला तर फी बुडते, आणि ती बुडाल्यावर मुलाचेही मन खचते. खाजगी मार्गानेच जायचे असेल तर परवान्यानंतर किती जणांना काम लागले, हे आधीच्या मुलांना भेटून विचारा. संस्थेच्या कचेरीत विचारू नका.

ते सभासद परवा पुन्हा भेटले. तपासणीत पोराचे डोळे चांगले निघाले. त्याने प्रबोधिनीचा अर्ज भरलाय, पहाटे उठून पळायला जातोय. आम्ही विचारले, "आणि ती दोन एकर?"

म्हणाले, "आडसाली लावलीय, दादा."