न्हाणीघराच्या भिंतीचे फरशीकाम
सतत ओलसर राहणाऱ्या न्हाणीघराच्या भिंतींवर झिलईदार मृत्तिका फरश्यांचे आच्छादन करण्याची क्रिया. मुंबईकडे या फरश्यांना लाद्या असेही म्हणतात. आच्छादनामुळे भिंत स्वच्छ ठेवणे सोपे होते. मात्र केवळ फरश्यांमुळे ती जलाभेद्य होत नाही. झिलईतून पाणी शिरत नसले, तरी सांध्यांतून ते हळूहळू झिरपते. म्हणून कामाचा टिकाऊपणा फरशीइतकाच तिच्यामागील थरांवर अवलंबून असतो.

फरशी : भिंतीच्या नेहमीच्या फरशीचे अंग सच्छिद्र असून तिच्या एकाच पृष्ठावर झिलई असते. ती आपल्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक पाणी शोषू शकते. कोरडी फरशी सिमेंटमधील पाणी ओढून घेते व पकड कमजोर होते. यासाठी पारंपरिक पद्धतीत फरश्या आधी पाण्यात भिजवून निथळू देतात. बहुवारिकयुक्त चिकटद्रव्य वापरल्यास भिजविण्याची गरज नसते.

पूर्वतयारी : भिंतीत गाडलेले नळ प्रथम दाबाखाली तपासतात. नंतर सिमेंट व वाळू यांच्या १:३ प्रमाणातील मिश्रणाचा सु. १२ मिमी. जाडीचा गिलावा ओळंब्यात करून त्याचा पृष्ठभाग खरबरीत ठेवतात आणि त्यावर निदान सात दिवस पाणी मारतात. गिलावा वाळल्यावर, पाणी थेट पडते त्या भागावर आणि भिंत व जमीन यांच्या सांध्यावर जलरोधक लेपाचे दोन थर देतात.

बसविणे : रुंदीची आखणी मध्यापासून करतात. त्यामुळे दोन्ही कडांना कापलेले तुकडे सारख्या मापाचे येतात. जमिनीला उतार असल्याने खालून दुसऱ्या थरापाशी पाणसळीत लाकडी पट्टी ठोकून तेथून वर काम सुरू करतात. तळचा थर शेवटी मापाने कापून बसवितात. चिकटद्रव्य दातेरी थापीने पसरून त्यावर साय धरण्यापूर्वी फरशी दाबून बसवितात व दोन फरश्यांत सु. २ मिमी. अंतर ठेवतात. मागे केवळ चार-पाच गोळे लावून फरशी चिकटविल्यास पोकळ्या राहतात. त्यांत पाणी साचते, ठोकल्यास पोकळ आवाज येतो आणि फरशी तडकण्याचा किंवा निखळण्याचा संभव असतो.

सांधे : सुमारे २४ तासांनंतर सांधे भरतात. दोन भिंतींचा कोपरा आणि भिंत व जमीन यांचा सांधा येथे मात्र सिमेंटऐवजी सिलिकोनासारखे लवचिक द्रव्य वापरतात. कारण या ठिकाणी होणाऱ्या सूक्ष्म हालचालींमुळे ताठर भरण तडकते.

पलीकडच्या खोलीच्या भिंतीवर ओल दिसू लागल्यास केवळ सांधे पुन्हा भरून भागतेच असे नाही. गाडलेले नळ व फरश्यांमागील जलरोधक थर यांचीही तपासणी करावी लागते.