आधी एक ओळ म्हणजे काय ते ठरवा

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव क्रेटवर बोलला जातो, म्हणजे वीस किलोंवर. आळेफाट्याला कांद्याचा भाव निघतो दहा किलोंवर. कोथिंबीर आणि मेथी शेकड्यावर जाते, म्हणजे शंभर जुड्यांवर. हाच माल पणन मंडळाच्या रोजच्या तक्त्यात चढला की टोमॅटो-कांदा क्विंटलमध्ये दिसतो. नारायणगावाला लागून असलेल्या वारूळवाडीतल्या शेतकऱ्याला यात कसलाच गोंधळ वाटत नाही, कारण सगळी मापं त्याच्या तोंडपाठ असतात. हे आकडे एकाच संगणकात भरून "आता ज्याने त्याने आपापला रिपोर्ट काढावा" असं जाहीर झालं, की गोंधळ सुरू होतो.

हे वाक्य हल्ली फार ऐकू येतं. शेतकरी उत्पादक कंपन्या, दूध संस्था, पतसंस्था, खत-औषधांची मोठी दुकानं, सगळीकडे तेच. सॉफ्टवेअर विकणारा येतो, पडद्यावर रंगीत आलेख हलवून दाखवतो आणि सांगतो, "सगळा डेटा एका जागी टाका, माउसने ओढा, सोडा, रिपोर्ट तयार!" संचालकांना ते पटतं, पैसे मोजले जातात. दोन महिन्यांनी एकाच प्रश्नाची तीन टेबलांवर तीन उत्तरं निघतात आणि दोष मात्र "लोकांना कॉम्प्युटर जमत नाही" असा लोकांवर जातो.

लोकांचा यात काही दोष नसतो. सगळा डेटा खुला केला की रिपोर्ट आपोआप बनतात, हा समजच मुळात चुकीचा आहे, आणि तो इतक्या आत्मविश्वासाने पसरवला जातो की आता त्याचा राग येऊ लागला आहे. सॉफ्टवेअरला बेरीज येते, पण ती कशाची करायची हे त्याला कळत नाही. जुलै 2023 मध्ये नारायणगावला टोमॅटोच्या क्रेटने दोन हजार रुपयांची पातळी ओलांडली होती. क्रेटला दोन हजार म्हणजे किलोला शंभर, क्विंटलला दहा हजार. हा दोन हजारांचा आकडा नुसत्या "दर" नावाच्या रकान्यात बसला आणि त्याच रकान्यात पणन मंडळाचे क्विंटलचे दर आधीपासून असले, तर सोन्याच्या भावाने गेलेला तो टोमॅटो रिपोर्टमध्ये वीस रुपये किलोने विकलेला दिसेल. सॉफ्टवेअर त्याचाही देखणा आलेख काढून देईल.

यावरचा उपाय जुना आहे. अमेरिकेतल्या राल्फ किमबॉल यांनी 1996 साली डेटा वेअरहाऊसवर जे पुस्तक लिहिलं, त्यापासून या क्षेत्रात सुरुवातीलाच एक प्रश्न विचारला जातो: तक्त्यातली एक ओळ म्हणजे नेमकं काय? एक ओळ म्हणजे एक पट्टी (शेतकऱ्याला मिळणारी विक्रीची पावती), की पट्टीवरची मालाची एक प्रत, की अख्ख्या दिवसाची आवक? हे ठरल्याशिवाय पुढचं काहीही करण्यात अर्थ नाही.

हे न ठरवल्याने काय होतं, ते एका उदाहरणात दिसतं. समजा एका शेतकऱ्याची शंभर क्रेटची पट्टी झाली आणि व्यापाऱ्याने पैसे दोन हप्त्यांत दिले. पट्ट्यांचा तक्ता वेगळा, पैसे दिल्याचा तक्ता वेगळा. "सगळं एका जागी" आणण्याच्या उत्साहात दोन्ही जोडून एकच मोठी शीट केली की ती पट्टी दोन ओळींत येते, एकेका हप्त्यासमोर एकदा. मग क्रेटची बेरीज शंभराऐवजी दोनशे. कुठेही लाल खूण उमटत नाही की चूक झाल्याचा संदेश येत नाही. ज्यांची रक्कम एका हप्त्यात मिळाली त्यांचा आकडा बरोबर, ज्यांची तीन हप्त्यांत मिळाली त्यांचा तिप्पट. एकूण आवक फुगलेली दिसते आणि "यंदा धंदा चांगला झाला" म्हणत सभा संपते.

म्हणून विक्री आणि वसुली वेगवेगळ्या तक्त्यांत ठेवायची असते. दोन्हींना सामाईक अशा याद्या स्वतंत्र असतात: गावांची, पिकांची, शेतकऱ्यांची, तारखांची. प्रत्येक मापाचं रूपांतर किलोत एकदाच, रिपोर्ट बनवणाऱ्याच्या हाती डेटा जाण्याआधी करून ठेवायचं. जुडीचं वजन ठरलेलं नसतं, म्हणून कोथिंबिरीचे नग तसेच राहू द्यायचे आणि किलोच्या बेरजेत ते येणार नाहीत असा बंदोबस्त करायचा. "निव्वळ रक्कम" म्हणजे हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता की धरून, हे सूत्रही एकदाच लिहून सगळ्यांना तयार द्यायचं. एवढं झालं तरच "स्वतःचा रिपोर्ट स्वतः" या शब्दांना अर्थ येतो.

सरासरीचा घोळ तर घरोघरी आहे. शंभर क्रेट दोनशे रुपयांनी आणि नऊशे क्रेट शंभर रुपयांनी गेले, तर क्रेटचा सरासरी भाव किती? दोन्ही दरांची सरासरी काढली तर दीडशे, मालाच्या वजनाने काढली तर एकशे दहा. शेतकऱ्याच्या खिशात आलेला भाव एकशे दहाच. दुधाचा फॅट, उसाचा उतारा, सगळीकडे हाच नियम लागू आहे. बाजारभावाच्या सरकारी तक्त्यांतला "सर्वसाधारण दर" हा तर या दोन्हींहून वेगळा. केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेट या बाजारभावाच्या संकेतस्थळाच्या पद्धतीत तो म्हणजे ज्या भावाला जास्तीत जास्त माल गेला तो भाव. त्याला एकूण आवकेने गुणून "बाजारातली उलाढाल" काढणारे रिपोर्ट छापून येतात, हे खरंच थांबायला हवं.

नावांचं काय? "वारूळवाडी" आणि "वारुळवाडी" वाचणाऱ्याला एकच गाव, संगणकाला दोन. इंग्रजीतली दोन-तीन स्पेलिंगं त्यात आणखी भर घालतात. नुसतं "पारगाव" लिहिलं तर ते जुन्नरमधलं पारगाव तर्फे आळे, की आंबेगावातलं, जिथे भीमाशंकर साखर कारखाना आहे ते? "वडगाव" म्हटलं तर वडगाव आनंद, वडगाव सहाणी, वडगाव काशिंबेग, की वडगाव पीर? युनिकोडमध्ये "ऱ" हे अक्षरसुद्धा दोन प्रकारे साठवता येतं, त्यामुळे पडद्यावर हुबेहूब सारखी दिसणारी दोन आडनावं शोधताना जुळत नाहीत. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायली तर फॉन्ट बदलला की निव्वळ निरर्थक अक्षरं होतात. केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावाला क्रमांक दिलेला आहे. तो वापरला की यातला बराच त्रास संपतो, आणि तो फुकट मिळतो.

"डेटा खुला आहे ना, मग बस" असं म्हणणाऱ्यांनी नारायणगावाजवळच खोडदला जाऊन यावं. तिथली जीएमआरटी ही 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची रेडिओ दुर्बीण. तिने 2010 ते 2012 या काळात 150 मेगाहर्ट्झवर जवळजवळ सगळं आकाश टिपलं. कच्ची निरीक्षणं संग्रहात होती, पण त्यांतून उपग्रहांचे आणि विजेच्या तारांचे अडथळे वगळून, मोजमाप जुळवून चित्रं काढणं फार थोड्यांना जमणारं होतं. खगोलशास्त्रज्ञ इंटेमा आणि सहकाऱ्यांनी ती निरीक्षणं नव्याने, एकाच पद्धतीने प्रक्रियेतून काढली आणि 2017 साली सुमारे 6 लाख 20 हजार रेडिओ स्रोतांची यादी चित्रांसह प्रसिद्ध केली. अशी तयार चित्रं मिळाल्यामुळेच आपल्याकडच्या रॅड ॲट होम या उपक्रमातले महाविद्यालयीन विद्यार्थीही ती पाहून आकाशगंगा शोधू शकले. निरीक्षणं जुनीच होती. मधली तयारी झाली, तेव्हा ती सामान्य जिज्ञासूच्या हाती आली.

ही तयारी "कॉम्प्युटरवाल्याचं काम" आहे, हा दुसरा हट्टी समज. तक्ते त्याने जोडावेत, पण "बदला" म्हणजे हलका माल कुठल्या प्रतीत धरायचा, परत आलेले क्रेट कुणाच्या नावे टाकायचे, हे पट्टी लिहिणाऱ्या कारकुनालाच ठाऊक असतं. तो बैठकीत नसेल तर ती बैठक घेऊच नये.

बाकीचे समज थोडक्यात. जितके जास्त रकाने तितकं चांगलं? नाही. दोनशे रकान्यांतून चुकीचा निवडला जाण्याची शक्यताच वाढते. वीस द्या, प्रत्येकाचा अर्थ मराठीत लिहून द्या. एक्सेल वाईट? तेही नाही, मर्यादा माहीत हवी. इंग्लंडमध्ये 2020 च्या शरदात जुन्या एक्सेल फायलीची 65,536 ओळींची मर्यादा भरली आणि कोविडचे 15,841 रुग्ण वेळेवर नोंदले गेले नाहीत. "यंदा" म्हणजे सगळ्यांचं एकच वर्ष? हिशोबाचं वर्ष एप्रिल ते मार्च, विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांचा साखर हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर. तारखांच्या यादीत दोन्ही हवेत. आता एआयला विचारलं की झालं? एआयसुद्धा त्याच तक्त्यांतून उत्तर काढतं, दोनदा मोजलेली पट्टी त्यालाही दोनदाच दिसते. सगळ्यांना सगळं दिसू द्यावं? शेतकऱ्याचा बँक खाते क्रमांक आणि आधार रिपोर्टच्या तक्त्यात असण्याचं काहीच कारण नाही, आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तर मुळीच नाही.

शेवटचा समज, एकदा तयार केलं की काम संपलं. जुन्नरच्या शेजारचे पारनेर, संगमनेर, अकोले हे तालुके ज्या जिल्ह्यात आहेत, त्याचं नाव 2024 मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. ज्यांनी जिल्ह्याचं नाव प्रत्येक ओळीत टाइप करून ठेवलं होतं, त्यांच्या रिपोर्टमध्ये तिथल्या व्यापाऱ्यांची विक्री त्या वर्षी एकाएकी शून्यावर आली आणि शेजारी एक नवा जिल्हा उगवला. ज्यांच्याकडे क्रमांकासह जिल्ह्यांची स्वतंत्र यादी होती, त्यांना एका ओळीत एक नाव बदलावं लागलं.