जेल गार लागलं म्हणून गजकर्ण जात नाही

पावसाळ्यात मेडिकलच्या काउंटरवर एक वाक्य हमखास कानी पडतं, “खाजेची एखादी स्ट्राँग ट्यूब द्या.” जांघेत, काखेत किंवा कमरेला जिथे पट्टा घट्ट बसतो तिथे गजकर्णाचा, म्हणजे बुरशीचा, गोल चट्टा उठलेला असतो. कड लाल, किंचित उंच आणि पापुद्रे सुटलेली, मधला भाग फिकट. मागणाऱ्याला दोन दिवसांत आराम हवा असतो, आणि पुष्कळदा ट्यूब तो देतेही. गैरसमजांची सुरुवात तिथूनच होते.

खाज थांबली म्हणजे बुरशी मेली, हा त्यांतला सर्वांत महागात पडणारा समज. बाजारातल्या अनेक मिश्रणांत बुरशीनाशकाच्या जोडीला क्लोबेटासोल, बीटामेथासोन यांसारखं स्टिरॉइड असतं, आणि काहींत निओमायसिन किंवा जेंटामायसिन हे प्रतिजैविकही. स्टिरॉइड त्वचेचा दाह दाबतं. लाली उतरते, खाज थांबते. पण बुरशीला रोखणारी शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीही त्या जागी दबते. बुरशी निवांत पसरत राहते. ट्यूब बंद केली की चट्टा आधीपेक्षा मोठा होऊन परततो आणि त्याची ओळखीची कड इतकी पुसट झालेली असते की निदानच चुकू शकतं. 1968 साली आइव्ह आणि मार्क्स या ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी या वेषांतर केलेल्या गजकर्णाला ‘टिनिया इन्कॉग्निटो’ हे नाव दिलं. महिनोन्महिने अशी ट्यूब वापरली तर जांघेतली त्वचा पातळ होते आणि तिच्यावर कायमच्या रेघा उमटतात.

भारतात त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध बरीच वर्षं आवाज उठवला. 2018 मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायच्या 14 स्टिरॉइडांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाही अशा यादीत, म्हणजे शेड्यूल एचमध्ये, आणलं. चिठ्ठी न विचारता विक्री मात्र अजून थांबलेली नाही, आणि ही साधी हयगय नव्हे, रुग्णांचं थेट नुकसान आहे.

आता जेलकडे येऊ. मलमापेक्षा जेल ‘लवकर मुरतं’ म्हणून जास्त गुणकारी, असं अनेकांना वाटतं. लावल्यावर गार वाटतं ते पाणी आणि अल्कोहोल उडून जाताना त्वचेतली उष्णता घेऊन जातात म्हणून, किंवा त्यात मेंथॉल असतं म्हणून. बुरशीशी त्या गारव्याचा काही संबंध नाही. जळजळीचंही तसंच. ‘झोंबतंय म्हणजे लागू पडतंय’ असं म्हणतात, पण खाजवून सोललेल्या कातडीवर अल्कोहोल झोंबणारच. जेलचा खरा फायदा वेगळा आहे: ते तेलकट नसतं, केसाळ भागावर आणि घामट घड्यांमध्ये सहज पसरतं, कपड्यांना चिकटत नाही. रुग्ण ते नियमित लावतो, हा गुण लहान नाही.

प्रयोगशाळेत हे जेल तयार होताना पाहण्यासारखं असतं. कार्बोपॉल नावाची हलकी पांढरी भुकटी ढवळत्या पाण्यावर थोडी थोडी भुरभुरवायची. घाई केली तर बाहेरून चिकट आणि आतून कोरड्या गुठळ्या होतात, त्या फुटता फुटत नाहीत. रात्रभर भिजल्यावर भांड्यात असतो एक गढूळ, पातळ, आम्लधर्मी द्रव. त्यात ट्रायइथेनॉलअमाइनचे थेंब पडू लागले की बघता बघता तो घट्ट आणि काचेसारखा नितळ होतो. पॉलिमरच्या गुंडाळलेल्या साखळ्यांवर ऋण भार येतो, त्या एकमेकींना दूर ढकलतात, उलगडतात आणि पाणी धरून ठेवतात. मीठ पडलं की हीच रचना मोडते. घामेजलेल्या त्वचेवर चोळताच जेल पाण्यासारखं होतं ते घामातल्या क्षारांमुळे. त्यावरून ते भेसळीचं ठरवू नये.

खरी अडचण पुढेच आहे. क्लोट्रिमॅझोलसारखी बुरशीनाशकं पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत आणि जेल तर बहुतांश पाण्याचं. म्हणून औषध आधी अल्कोहोल किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवावं लागतं, नाहीतर तेलाच्या बारीक थेंबांत भरून ते थेंब जेलमध्ये पसरवावे लागतात. या दुसऱ्या प्रकाराला इमल्जेल म्हणतात आणि ते दुधाळ दिसतं. तेव्हा नितळ जेल शुद्ध आणि दुधाळ ते हलकं, असा काही नियम नाही.

औषध जितकं खोल जाईल तितकं चांगलं, हा समज तर औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांतही आढळतो. नवं जेल तपासायला फ्रान्झ सेल वापरतात. काचेचे दोन कप्पे, मध्ये ताणलेला पडदा किंवा डुकराच्या कानाची कातडी, वर जेल, खाली द्रव, आणि पडद्यापाशी तापमान त्वचेइतकं, 32 अंश सेल्सिअस. ठरावीक तासांनी खालचा द्रव काढून त्यात किती औषध उतरलं ते मोजायचं. आलेख जितका चढता तितकं जेल सरस, असा निष्कर्ष पुष्कळ प्रकल्प अहवालांत दिसतो. पण गजकर्णाची बुरशी राहते कुठे? त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत थरात, तिथलं केराटिन खात. हा थर बहुतेक ठिकाणी 10 ते 20 मायक्रोमीटर जाडीचा. औषध तिथे साठून राहायला हवं. तो थर ओलांडून रक्ताकडे गेलेलं औषध बुरशीच्या दृष्टीने वायाच. त्यामुळे पडद्याखाली किती उतरलं यापेक्षा कातडीत किती उरलं, हा आकडा महत्त्वाचा.

अर्थात औषधाला त्या थरात शिरावं तरी लागतंच. 2000 साली बॉस आणि मेइनार्डी या डच संशोधकांनी मांडलेला ठोकताळा असा की 500 डाल्टन वजनापेक्षा मोठा रेणू धडधाकट त्वचेतून सहसा पार होत नाही. टर्बिनाफिन हे बुरशीनाशक 291, क्लोट्रिमॅझोल 345, म्हणजे आरामात बसतात. ॲम्फोटेरिसिन बी हे बुरशीनाशक मात्र 924 डाल्टनचं. अशा रेणूसाठी मेदाच्या सूक्ष्म पिशव्या, म्हणजे लिपोसोम, कामी येतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि शास्त्रज्ञ बिमल कुमार बच्छावत यांनी लिपोसोममधल्या ॲम्फोटेरिसिनवर काम केलं आणि त्यातून भारतीय इंजेक्शन तयार झालं. पुढे त्याच औषधाचं 0.1 टक्क्याचं जेलही बाजारात आलं.

वनस्पतींच्या जेलबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. टाकळा नायट्यावर लावण्याची जुनी रीत निराधार नाही. त्याच्या बियांत क्रायसोफेनॉलसारखी बुरशीरोधक द्रव्यं आहेत. त्याचाच भाईबंद असलेल्या दादमर्दनाला फिलिपिन्सच्या आरोग्य खात्याने शिफारस केलेल्या दहा औषधी वनस्पतींत जागा मिळाली आहे. पण कच्ची लसूण ठेचून बांधल्याने कातडी भाजल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. शिवाय अनेक वनस्पतिजन्य जेलांची चाचणी कॅन्डिडा या यीस्टवर होते, कारण ती एक-दोन दिवसांत वाढते. गजकर्णाच्या ट्रायकोफायटॉन बुरशीला बशीत वाढायला एक-दोन आठवडे लागतात. कॅन्डिडावर लागू पडलेलं जेल गजकर्णावर चालेलच असं नाही.

‘नवं नॅनो जेल आलं की हट्टी बुरशीही जाईल,’ ही आशाही तपासून घ्यायला हवी. टर्बिनाफिन बुरशीच्या एका विकराला, स्क्वालीन इपॉक्सिडेजला, अडवतं. त्या विकराच्या जनुकात बदल झाला की औषध तिथे नीट बसतच नाही. असे बदल बाळगणाऱ्या जातीला 2020 मध्ये जपानी संशोधकांनी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव दिलं, आणि 2023 मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन रुग्णांत ती सापडल्याची नोंद अमेरिकेत झाली. तेच टर्बिनाफिन कितीही सुबक जेलमध्ये भरलं तरी हा प्रश्न सुटत नाही. तिथे वेगळ्या विकरावर काम करणारं औषध, बहुधा पोटात घ्यायचं, डॉक्टरांनीच ठरवावं लागतं.

बाकी बरंचसं अपयश साध्या हिशेबाचं असतं. बोटाच्या शेवटच्या पेराएवढी रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम औषध, दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरेल इतकं. दिवसातून दोनदा, चार आठवडे लावलं तर 28 ग्रॅम लागतात. 15 ग्रॅमची एकच ट्यूब आणून ती महिनाभर पुरवली तर औषध अपुरंच पडणार. चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावायचं आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही निदान दोन आठवडे चालू ठेवायचं. टॉवेल वेगळा, घरात आणखी कुणाला असेल तर उपचार एकाच वेळी.

डोक्यातलं गजकर्ण जेलने बरं होत नाही. बुरशी केसांच्या मुळाशी असते आणि गोळ्या घ्याव्याच लागतात. नखं, चेहरा, लहान मूल, मधुमेह किंवा अंगभर पसरलेले चट्टे असतील तर स्वतःहून ट्यूब न घेता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं. पापुद्रा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची तपासणी स्वस्त आहे आणि बहुधा त्याच भेटीत होते. आणि घरात आधीच एखादी ट्यूब पडून असेल तर आजच तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी एकही नाव दिसलं तर ती गजकर्णावर मनाने लावू नका, आणि आधीपासून लावत असाल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.